मागून येणाऱ्या ओझ्याचा लगाम

ओझी वाहून नेण्याच्या विद्येचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी बहुधा चढावाचाच इतिहास लिहिला आहे. अमुक तोफ गडावर चढविण्यास किती बैल जुंपले, अमुक घाटासाठी किती सामर्थ्याचे इंजिन मागविले, याचे तपशील दफ्तरांतून आणि ग्रंथांतून मुबलक सापडतात. परंतु तेच ओझे पलीकडच्या उतारावरून सुखरूप खाली कसे आणले, याविषयी लेखक दोन ओळींत आटोपते घेतात. वास्तविक चढावावर शक्ती अपुरी पडली तर गाडी थांबते आणि फार तर मुक्काम लांबतो. उतारावर आवर अपुरा पडला तर मात्र माल, जनावरे आणि माणसे यांचा एकाच क्षणी नाश ओढवतो. त्यातही जे ओझे स्वतंत्र गाडीवर लादून दुसऱ्या वाहनामागे जोडलेले असते, त्याचा प्रश्न अधिकच बिकट आहे, कारण वेग आणि जडत्व या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी पुरेपूर असूनही त्याला हाकणारा कोणी त्यावर बसलेला नसतो. अशा गाडीचा ब्रेक कोणाच्या हाती द्यावा, ओझ्यावर बसविलेल्या माणसाच्या, पुढच्या वाहनातील चालकाच्या, की खुद्द त्या ओझ्याच्याच, या प्रश्नाने गेल्या दोन-अडीच शतकांतील कारागिरांना आणि यंत्रशास्त्रज्ञांना सतत छळले आहे. आणि दहा-बारा हजार पौंड वजनाची मोटारबोट तीन आसांच्या ट्रेलरवर चढवून अमेरिकेतील जो गृहस्थ आज पर्वत ओलांडून जलाशयाकडे निघतो, त्याला बाजारात मिळणाऱ्या ब्रेकांच्या निरनिराळ्या पद्धतींतून निवड करताना वस्तुतः ह्याच जुन्या प्रश्नाचा निवाडा करावा लागतो.

अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात कॉनेस्टोगा या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मालगाड्यांपासून ही हकिकत सांगण्यास प्रारंभ करणे सोयीचे होईल. ॲलिगेनी पर्वतातील चढउतारांवर माल पुढेमागे घसरू नये म्हणून या गाड्यांचा तळ मध्यभागी खोलगट आणि दोन्ही टोकांस उचललेला असे, आणि त्यांना चार किंवा सहा दणकट घोडे जुंपलेले असत. गाडीवान गाडीत बसत नसे. तो डाव्या अंगाने पायी चाले, मागल्या जोडीतील डाव्या घोड्यावर स्वार होई, किंवा गाडीच्या डाव्या कुशीतून बाहेर ओढता येणाऱ्या एका जाड फळीवर टेके, आणि ब्रेकचा दांडाही त्याच बाजूस असल्यामुळे तेथूनच तो लाकडी ठोकळे मागल्या चाकांवर आवळून धरी. उतार फार तीव्र असला म्हणजे एवढ्याने भागत नसे. मग एका साखळीला बांधलेली, जोड्याच्या आकाराची लोखंडी पाटी चाकाखाली सरकवीत. चाक तिच्यावर चढून फिरायचे थांबे आणि ती पाटी जमिनीवरून खरडत जाई, त्यामुळे चाकाची धाव झिजण्याऐवजी झिजायची ती पाटीच झिजे. १८४० नंतर ओरेगॉनकडे निघालेल्या तांड्यांना नेब्रास्कातील ॲश हॉलोजवळच्या विंडलास टेकडीवरून उतरताना चाके साखळ्यांनी जखडून, गाडीला मागून दोर बांधून माणसांना त्यावर लोंबकळावे लागे. आणि पुढे माउंट हूडच्या परिसरातील लॉरेल टेकडीवर तर ते दोर झाडांच्या बुंध्यांना वेढे देऊन हळूहळू सोडीत आणि तोडलेली झाडे गाडीमागे बांधून फरफटत नेत.

आमच्याकडे बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत १८३० साली चाकांच्या वाहनांस खुला झाला. साध्या बैलगाडीत उतारावरचे ओझे पुढे रेटले की जू बैलांच्या मानेवर सरके आणि त्या मुक्या जनावरांना पाय रोवून ते तोलावे लागे. गाडी उभी केली की चाकाला दगडाची उटी लावावी लागे. ओझ्याचा रेटा जुवामार्फत पुढे पोचावा आणि त्या रेट्यानेच कोणाला तरी आवर घालावयास भाग पाडावे, ही कल्पना येथे मूळरूपात दिसते. पुढे ट्रेलरच्या ब्रेकात तीच यंत्राच्या रूपाने अवतरली, एवढाच फरक.

रेल्वे आली तेव्हा ओझ्यावर माणूस बसविण्याची पद्धत पराकाष्ठेस पोचली. अमेरिकेतील मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीच्या छपरावर एक आडवे हातचाक असे आणि इंजिनवाल्याने शिट्टीने इशारा केला की ब्रेकवाले छपरांवरून धावत जाऊन एकामागून एक चाक आवळीत. पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारात, डुलणाऱ्या छपरांवरून उड्या मारीत हे काम करताना किती तरुण माणसे चाकांखाली गेली, याचा विचार मनात आला की त्या काळच्या कंपन्यांनी हा मनुष्यसंहार इतकी वर्षे मुकाट्याने कसा चालू दिला याचे मला आश्चर्य वाटते. शिवाय या पद्धतीत पुढच्याची इच्छा मागच्यांपर्यंत पोचेपर्यंत गाडी पुष्कळ अंतर काटून गेलेली असे.

जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ च्या एप्रिलमध्ये आपल्या हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळविले तेव्हा तो अवघ्या बावीस वर्षांचा होता. आल्प्स पर्वतातील माँ सेनीच्या बोगद्यात संपीडित हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली जात असल्याचे त्याच्या वाचनात आले होते; जी हवा शेकडो फूट नळीतून जाऊन खडक फोडू शकते, ती डब्यांची चाकेही आवळू शकेल, असे त्याने ताडले. त्याच्या पहिल्या रचनेत इंजिनावरील पंप हवा दाबून साठवी आणि चालकाने झडप उघडली म्हणजे ती नळीवाटे प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरात जाऊन ब्रेक लावी. येथे मागच्या ओझ्याचा लगाम प्रथमच सर्वस्वी पुढच्या माणसाच्या हाती आला. परंतु या रचनेत एक घातक दोष होता: नळी कोठे तुटली, किंवा दोन डब्यांमधील जोड निखळला, तर मागच्या साऱ्या डब्यांचे ब्रेक निकामी होत, म्हणजे ज्या क्षणी त्यांची सर्वाधिक गरज त्याच क्षणी ते नाहीसे होत.

या दोषावर १८७२ साली त्याने जो उपाय काढला, तो मला यंत्रविद्येच्या इतिहासातील अत्यंत थोर कल्पनांपैकी एक वाटतो. प्रत्येक डब्याखाली त्याने हवेची एक स्वतंत्र टाकी बसविली, आणि ती टाकी, मुख्य नळी व ब्रेकचा सिलिंडर या तिहींच्या संगमावर एक झडप ठेवली. मुख्य नळीत दाब पुरता आहे तोवर ही झडप टाकी भरीत राहते आणि ब्रेक मोकळा ठेवते; नळीतला दाब उतरला की तीच झडप आपली बाजू बदलते आणि टाकीतली साठलेली हवा सिलिंडरात सोडते. म्हणजे चालकाने ब्रेक लावायचा तो नळीतून हवा सोडून देऊन, आणि नळी आपोआप फुटली तरी परिणाम तोच: तुटलेला डबा स्वतःच्या टाकीच्या जोरावर स्वतःला थांबवितो. जोडणी शाबूत असेपर्यंत पुढच्याची आज्ञा चालावी, आणि ती तुटताच मागच्याने स्वतःचा बंदोबस्त स्वतः करावा, हा दुहेरी करार त्या एका झडपेत साठविलेला आहे.

या तत्त्वाची किंमत ब्रिटिश बेटांना फार जबर देऊन शिकावी लागली. १८७५ च्या जूनमध्ये न्यूअर्क येथे रॉयल कमिशनच्या देखरेखीखाली निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांनी आपापल्या गाड्या आणून साखळीचे, पाण्याच्या दाबाचे, निर्वाताचे आणि हवेचे ब्रेक एकमेकांशी ताडून पाहिले, आणि त्यात वेस्टिंगहाउसच्या स्वयंचलित ब्रेकने इतरांवर मात केली. १८७८ साली डग्लस गाल्टन याने केलेल्या प्रयोगांतून तर असे सिद्ध झाले की वेग जितका अधिक तितकी ठोकळ्याची चाकावरील पकड कमी, आणि चाक पूर्ण आवळले जाऊन रुळावरून घसरू लागले की गाडी थांबविण्याची शक्ती वाढण्याऐवजी घटते; चाकाखाली लोखंडी पाटी सरकवून त्याला जखडण्याच्या त्या पूर्वापार रीतीतील उणीव अशा रीतीने प्रथमच मोजमापाने उघड झाली. परंतु प्रयोग झाले, अहवाल छापले गेले, आणि कंपन्यांनी खर्चाच्या सबबीखाली जुनेच चालू ठेवले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीस निघालेल्या मुलामाणसांनी भरलेली एक गाडी ७५ फुटांस १ फूट अशा चढावर अडकली. तिचा ब्रेक निर्वाताचा होता खरा, पण स्वयंचलित नव्हता. पुढचा भाग आधी वर नेऊन मग मागचा न्यावा म्हणून कर्मचाऱ्यांनी गाडी मध्येच तोडली, मागच्या दहा डब्यांना शेवटच्या डब्यातील हातब्रेकवर सोपविले आणि चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकताच त्या धक्क्याने दगडांचा चुरा झाला आणि ते डबे उतारावरून धावत सुटून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत मुलेही पुष्कळ होती. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांच्या आत पार्लमेंटने उतारूंच्या गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे करणारा कायदा मंजूर केला.

अमेरिकेत याच सुमारास मालगाड्यांच्या बाबतीत वेगळीच अडचण उभी राहिली होती. १८८६ साली आयोवा संस्थानातील बर्लिंग्टन येथे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्यांवर परीक्षा घेतल्या तेव्हा असे दिसले की चालकाची आज्ञा शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचण्यास काही सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत पुढच्या वाघिणी मंदावलेल्या व मागच्या पूर्ण वेगात असल्यामुळे मागच्या पुढच्यांवर येऊन आदळतात. वेस्टिंगहाउसने आपल्या झडपेत सुधारणा करून १८८७ मध्ये ही दिरंगाई पुष्कळ कमी केली, आणि २ मार्च १८९३ रोजी अध्यक्ष हॅरिसन यांच्या सहीने मालगाड्यांनाही हे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला. आज्ञा आणि तिची अंमलबजावणी यांमधील हा विलंब लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण बोटीच्या ट्रेलरच्या संदर्भात तो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

आपल्या बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा हवेचा ब्रेक अजून जन्मास यावयाचा होता. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट उतरणाऱ्या, आणि जागोजागी ३७ फुटांस १ फूट अशा ढाळाच्या त्या मार्गावर केवळ गाडीच्या ब्रेकांवर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. म्हणून मार्गालाच आवर घालण्याच्या कामी लावण्यात आले. वर चढत जाणाऱ्या, पुढे कोठेच न जाणाऱ्या अशा फुटव्या वाटा काढून ठेवल्या, म्हणजे हाताबाहेर गेलेली गाडी त्यांवर वळून आपल्याच वजनाने थकून थांबावी. पुढे १९२९-३० मध्ये विजेची इंजिने आली, आणि घाटातील रेल्वे कामगारांनी ज्यांना ‘खेकडा’ म्हटले त्या इंजिनांनी उतरत्या गाडीच्या ओढीतून वीज निर्माण करून ती पुन्हा तारेत सोडण्याची किमया साधली. ब्रेकचे ठोकळे तापवून वाया जाणारी शक्ती अशा रीतीने कामी लागली. परंतु हे ऐश्वर्य तारेखालून धावणाऱ्यांचे. रस्त्यावरून ट्रेलर ओढणाऱ्याच्या नशिबी ते नव्हते.

रस्त्यावरच्या ट्रेलरची समस्या मोटारींच्या प्रसाराबरोबर उद्भवली. माल्कम लॉकहीड याने तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक सिद्ध केला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत तो चारही चाकांवर बसविला गेला. परंतु मोटारीच्या तेलनळ्या तोडून त्या ट्रेलरपर्यंत नेणे म्हणजे मोटारीचाच ब्रेक जोखमीत घालणे होते, कारण मागची नळी फुटली तर पुढचेही तेल वाहून जाणार. मोठ्या मालमोटारींनी रेल्वेचा हवेचा ब्रेक उचलला आणि तो आजतागायत चालू आहे. साध्या मोटारीमागे फिरते घर ओढणाऱ्यांसाठी १९२७ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथे आर्थर वॉर्नर याच्या कारखान्याने विजेचा ब्रेक पुढे आणला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे: ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाशी बसविलेला छोटा विद्युत्चुंबक चालकाने प्रवाह सोडताच ड्रमच्या फिरत्या पाठीला चिकटू पाहतो, तिच्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने तरफ वळून ब्रेकचे जोडे ड्रमवर आवळते; म्हणजे चुंबकाला स्वतः जोर लावावा लागत नाही, तो चाकाचाच जोर उसना घेतो. चालकाच्या हाताशी एक स्वतंत्र कळ असते, आणि वाऱ्याने किंवा वेगाने ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला तर मोटारीचा ब्रेक न लावता केवळ ट्रेलरचा लावून त्याला मागून ताणून सरळ करता येते. फिरत्या घरांच्या आणि गुरांच्या ट्रेलरांच्या दुनियेत हा ब्रेक त्यामुळे सर्वमान्य झाला.

बोटींची गोष्ट निराळी होती. कोकणच्या कोळ्याची होडी त्याच्याच गावच्या किनाऱ्यावर असते. पावसाळ्यापूर्वी ती वाळूवर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, एवढ्यात तिची जमिनीवरची वाटचाल संपते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मात्र पाण्यापासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंगणात बोट येऊन बसली. फायबरग्लासच्या बोटी कारखान्यात साच्यावर निघू लागल्या, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे पसरू लागले, आणि हूवर धरणामागचा मीड जलाशय व १९६३ मध्ये भरू लागलेला पॉवेल जलाशय यांसारखी विस्तीर्ण सरोवरे ओसाड पठारांच्या आणि डोंगरांच्या मध्यभागी निर्माण झाली. मासेमारीच्या सामानावरील कराचे उत्पन्न मासेमारीच्याच कामी खर्च करण्याची तजवीज १९५० च्या कायद्याने झाली होती; १९८४ च्या दुरुस्तीने त्यात मोटारबोटींच्या इंधनावरील कराची भर घालून त्यातील ठरावीक भाग बोटी पाण्यात उतरविण्याच्या सोयींसाठी राखून ठेवला, आणि गावोगावी पाण्यात उतरत जाणारे काँक्रीटचे रॅम्प उभे राहिले.

ह्या रॅम्पवरच विजेच्या ब्रेकचा पराभव झाला. बोट तरंगावी म्हणून ट्रेलर आसांपर्यंत, किंबहुना त्याहून खोल, पाण्यात न्यावा लागतो. आणि महामार्गावरून नुकतेच आलेले त्याचे हब व ड्रम तापलेले असतात. ते थंड पाण्यात बुडताच आतली हवा एकदम आकसते, आणि सीलच्या कडेने पाणी आत शोषले जाते. बेअरिंगमधील ग्रीस पांढुरके होऊन दुधाळ दिसू लागले म्हणजे जाणता मेकॅनिक तेवढ्यावरूनच निदान करतो. गोड्या पाण्यात ही हानी सावकाश होते, खाऱ्या पाण्यात मात्र ती फार झपाट्याने पसरते. विद्युत्चुंबक, त्याची तार आणि ज्या पाठीला तो चिकटतो ती लोखंडी पाठ या सर्वांवर मिठाचा एकाच वेळी हल्ला होतो. शिवाय ड्रम हे बंद भांडे असल्यामुळे आत गेलेली वाळू आणि खारे पाणी तेथेच साठून राहते. यास्तव फिरत्या घरांनी विजेचा मार्ग धरला आणि बोटींनी रेट्याचा, आणि एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या या दोन बिरादऱ्यांत दीर्घकाळ फारकत राहिली.

रेट्याचा ब्रेक, ज्याला तिकडे सर्ज ब्रेक म्हणतात, तो ओझ्याचा लगाम ओझ्याच्याच हाती देतो. ट्रेलरच्या दांड्याच्या पुढच्या टोकाशी एकात एक सरकणारे दोन पोलादी भाग असतात, आणि त्यांच्या पोटात ब्रेकतेलाचा मास्टर सिलिंडर बसविलेला असतो. पुढचे वाहन मंदावले की मागची बोट आपल्या जडत्वाने पुढे रेटते, आतला भाग थोडा मागे दबतो, त्याची दांडी दट्ट्या ढकलते, आणि तेल बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जाऊन ब्रेक लावते. ना तार, ना चुंबक, ना चालकाच्या हाताशी कळ. पुढच्याने जितका कडक ब्रेक लावावा तितका रेटा अधिक, आणि बोट जितकी जड तितकाही तो अधिक. म्हणजे ब्रेकचे प्रमाण कोणी ठरवून देण्याची गरजच उरत नाही, ते प्रसंगच ठरवितो. युरोपात हेच तत्त्व तेलाऐवजी बहुधा दांड्या आणि पोलादी तारांच्या साह्याने वापरतात, आणि तेथील नियमांनी अशा ब्रेकला ३,५०० किलोग्रॅमपर्यंतच्याच ट्रेलरसाठी मुभा ठेवली आहे.

परंतु ज्या गुणामुळे हा ब्रेक साधा झाला, त्याच गुणात त्याचे दोषही सामावलेले आहेत. ट्रेलर मागे लोटताना पुढच्या वाहनाचा दाब त्या सरकत्या जोडावर पडतो, आणि बिचाऱ्या यंत्राला हा रेटा ओझ्याचा की वाहनाचा हे कळत नाही. घराच्या चढत्या वाटेवरून बोट मागे नेऊ लागावे तो चाके आवळून बसतात. ड्रमच्या काही ब्रेकांत उलट दिशेने फिरताना जोडा ढिला पडेल अशी युक्ती असते. पण डिस्क उलटसुलट सारखीच पकडते, म्हणून तिच्यासाठी तेलाच्या मार्गात विजेची एक झडप बसवून ती वाहनाच्या मागे जातानाच्या दिव्याशी जोडावी लागते, आणि विजेला टाळण्यासाठी निघालेल्या ब्रेकला अखेरीस एक तार चिकटतेच. त्याहून गंभीर दोष दीर्घ उताराचा. पर्वतावरून मैलोगणती खाली येताना शहाणा चालक गिअर खाली टाकून इंजिनाच्या जोरावर वेग आवरतो. परंतु मागची बोट त्या सर्व काळात पुढे रेटीत असल्यामुळे तिचे ब्रेक थोडे थोडे सतत लागून राहतात, तापतात, आणि ड्रम तापून प्रसरण पावला की त्यांची पकड उतरू लागते. चालकाला हे आरशात दिसत नाही आणि दिसले तरी त्याच्या हाती काही नसते. झोकांड्या खाणारा ट्रेलर एकट्याने ताणून धरण्याचा उपायही येथे उपलब्ध नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी ही शंका फार काळ मनात धरली होती. धंद्यासाठी चालणाऱ्या वाहनांचे ब्रेक सर्व वेळी कार्यक्षम असले पाहिजेत आणि एकाच नियंत्रणाने लागले पाहिजेत, अशी शर्त असल्यामुळे, जो ट्रेलर खासगी गृहस्थाच्या मोटारीमागे राजरोस धावे, तोच भाड्याने बोटी पोचविणाऱ्या व्यावसायिकाच्या ट्रकमागे बेकायदा ठरे. ही विसंगती २००७ साली दूर झाली: १२,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरचे अनुज्ञेय वजन ओढणाऱ्या वाहनाच्या अनुज्ञेय वजनाच्या पावणेदोन पटींहून अधिक नसेल, आणि त्याहून जड पण २०,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरचे सव्वापटीहून अधिक नसेल, तर रेट्याचा ब्रेक मान्य करण्यात आला. ओझे जसजसे वाढते तसतसा पुढच्या वाहनाच्या भाराशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर कायदा अधिक कडक होतो, हे त्या तरतुदीतील शहाणपण माझ्या मते वाखाणण्याजोगे आहे. कारण रेट्याच्या ब्रेकात ओझे आधी पुढच्यावर कलते आणि मगच स्वतःला आवरते, तेव्हा तो कल सोसण्याइतका पुढचा भारदस्त असलाच पाहिजे.

अलीकडे जड बोटींच्या ट्रेलरांवर विजेची आज्ञा आणि तेलाचा दाब यांचा संयोग करणारी पद्धत वाढत्या प्रमाणात दिसते. ट्रेलरच्या दांड्यावर, पाण्याच्या पातळीपासून शक्य तितका उंच, एक विजेचा पंप बसवितात; चालकाच्या कक्षातील नियंत्रकाकडून इशारा येताच तो तेलावर दाब निर्माण करतो, आणि चाकांपाशी मात्र मिठाला बळी पडण्याजोगी वीज मुळीच नसते. ड्रमचा जोडा एकदा टेकला की फिरते चाकच त्याला आणखी आत ओढते, म्हणून त्याला प्रतिचौरस इंचास सुमारे १,००० पौंडांचा दाब पुरतो. डिस्कला असे आयते साह्य मिळत नसल्याने तिच्यासाठी सुमारे १,६०० पौंडांचा पंप लागतो. तरीही खाऱ्या पाण्यात जाणाऱ्याने डिस्कच घ्यावी, असे मी निःशंकपणे म्हणेन, कारण ती उघडी असल्यामुळे तिच्यातले पाणी निथळून जाते आणि नळीने धुतली की ती खरोखर धुतली जाते. या पद्धतीत उताराचा दोष नाही, मागे जाण्याची अडचण नाही, आणि ट्रेलर एकट्याने आवरण्याची कळही हाताशी आहे. तिची उणीव आहे ती बर्लिंग्टनचीच: इशारा झाल्यापासून पंपाने दाब चढविण्यात एक लहानसा अवधी जातो आणि तेवढ्यात बोट पुढच्या वाहनाला ढोसते. नवे पंप अधिक चपळ आहेत, पण विलंब शून्यावर आलेला नाही. पर्वत ओलांडणाऱ्यास तो विलंब पत्करणे श्रेयस्कर. सपाट प्रदेशातील सरोवरावर मध्यम वजनाची बोट नेणाऱ्यास मात्र रेट्याचा ब्रेक आजही निर्वेध उपयोगी पडतो, आणि त्याची किंमतही पुष्कळ कमी.

राहता राहिला जोड तुटल्यावरचा बंदोबस्त. रेट्याच्या ब्रेकात वाहनाला अडकविलेली एक पोलादी तार जोड निसटताच तरफ खेचते आणि दट्ट्याला दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवते. विजेच्या पद्धतींत त्याच तारेने एक खीळ उपसली जाते आणि ट्रेलरवरील १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी आपला सारा प्रवाह ब्रेकांकडे सोडते. सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक निदान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत, असा केंद्रीय नियम आहे. वेस्टिंगहाउसने डब्याखाली ठेवलेली हवेची टाकी येथे बॅटरीच्या रूपाने आली; परंतु टाकी प्रत्येक प्रवासात आपोआप भरली जाई, आणि ही बॅटरी हिवाळाभर बंदिस्त पडलेल्या बोटीखाली कोणाच्याही नकळत उतरून जाते. म्हणून वसंतात ट्रेलर प्रथमच बाहेर काढताना अनुभवी माणसे वाहन जोडून आधी ती खीळ हाताने उपसतात आणि ट्रेलर ओढून पाहतात. चाके जागची हलली नाहीत, तरच खीळ परत बसवून रस्त्यास लागतात.